माझ्या भिंगात दोष नाही

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि माझ्या भिंगात काहीही दोष नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात भंगाराची यादी झाली तेव्हा माझ्या नावापुढे ‘दिसत नाही’ असा शेरा मारला गेला. शेरा मारणाऱ्याने डोळा लावून पाहिलंच नव्हतं. मग दिसणार काय, कपाळ?

माझं अंग पितळेचं, पाय लोखंडाचा. मला बल्ब नाही. खाली एक गोल आरसा आहे, तो खिडकीकडे वळवला की झालं, आणि आमच्याकडे उजेडाचा तुटवडा कधीच नसतो. सव्वीस वर्षांत मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानावरची रंध्रं दाखवली आणि तलावाच्या थेंबात धावणारे जीव दाखवले. गालाच्या आतून खरवडून काढलेल्या पेशी तर किती दाखवल्या! कोण कुठल्या घरचा, कोण कुठल्या वस्तीतला, हे त्या पेशींवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला याचा फार अभिमान आहे.

मग बल्बवाले नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्याजवळ येत होते ते फक्त उकंडा काका, आमचे प्रयोगशाळेचे शिपाई. रोज मऊ फडक्याने मला पुसायचे.

आता खरी गोष्ट ऐका. नऊ वर्षांपूर्वी पावसाळ्यात स्लाइडच्या आलमारीत पाणी शिरलं आणि कांद्याच्या मुळाच्या चार स्लाइडची लेबलं गळून पडली. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रं आधी मधोमध एका रांगेत उभी राहतात, ती मेटाफेज. मग त्यांचे दोन गट होऊन दोन टोकांना जातात, ती ॲनाफेज. काकांनी माझ्याच टेबलावर बसून अंदाजाने लेबलं चिकटवली आणि या दोघींची अदलाबदल झाली. मी पाहत होतो, पण मला तोंड नाही.

नऊ वर्षं कुणाच्याही लक्षात आलं नाही! कसं येणार? मुलं भिंगाला डोळा टेकवायची, “दिसलं सर” म्हणायची आणि मागच्या वर्षीच्या जर्नलवरून चित्र उतरवायची. प्रॅक्टिकल घेणारे नंदकिशोर सर लेबल वाचायचे, चित्र पाहायचे आणि सही ठोकायचे.

यंदा मैत्रेयी आली. मारेगावहून एसटीने येणारी, हट्टी पोरगी. नव्या सूक्ष्मदर्शकांवर गर्दी, म्हणून ती माझ्याकडे वळली. स्लाइडच्या लेबलावर मेटाफेज होतं, पण जे दिसलं तेच तिने काढलं: दोन गट, दोन टोकांना. सरांनी त्यावर लाल रेघ मारून ‘पुन्हा काढा’ असं लिहिलं. तिने पुन्हा काढलं, तेच. जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सह्यांचा शेवटचा दिवस उजाडला. भर दुपारी लाइट गेली आणि नवे सूक्ष्मदर्शक आंधळे झाले.

“सर, माझी सही राहिली,” मैत्रेयी म्हणाली.

“चित्र बदल, सही घे. त्या भंगारात काय दिसते तुले? लेबल वाच ना!”

“लेबल काचेच्या वरून चिकटवलं आहे सर. पेशी आत आहे. एक डाव तुम्हीच पहा. मेटाफेज दिसली तर मी आत्ताच चित्र खोडते.”

तिने मला उचलून खिडकीत ठेवलं आणि आरसा उजेडाकडे वळवला. सर जागचे हलले नाहीत. तेव्हा दाराशी उभे असलेले काका पुढे आले.

“सर, ते लेबलं मीच चिकटवलेत. आलमारीत पाणी गेलतं. अंदाजानं लावले. मले वाटलं, तुमी तपासान. माह्यावर काय लिवाचं ते लिवा, पण पोरीची परीक्षा नका बुडवू.”

मग सरांनी चष्मा काढला आणि वाकून माझा स्क्रू हळूच फिरवला. किती वर्षांनी! मी जीव ओतून दाखवलं.

“ॲनाफेज आहे,” सर म्हणाले. “नऊ वर्षं मी सह्या करून राह्यलो. चूक माही आहे काका, तुमची नाही.”

त्यांनी लाल रेघ खोडून सही केली. काकांनी लेबलं भिजवून काढली आणि सवयीने फडकं घेऊन बाजूला उभे राहिले.

“काका, तुमी पहा ना,” मैत्रेयी म्हणाली.

सव्वीस वर्षं रोज मला पुसणाऱ्या या माणसाला आजवर कुणीही ‘पहा’ म्हटलं नव्हतं. ते बिचकत वाकले.

“अवं माय! हे तं दोन्हीकडं ओढल्यावानी चाललेत!”

“मग लावा लेबल,” सर म्हणाले. आणि काकांनी, या वेळी पाहून, लावलं.

मित्रांनो, माझं नाव अजून भंगाराच्या यादीतच आहे. असू द्या. मी दयेची भीक मागत नाही. मला जपायचंच असेल तर काचेच्या कपाटात ठेवू नका, खिडकीत ठेवा. आणि माझ्यावर शेरा मारायचाच असेल तर खुशाल मारा. फक्त त्याआधी एकदा वाका आणि डोळा लावा.