दुर्बीण दोन बोटं मांगं

माहं नाव हबीब. मंगरूळपीरले बसस्टँडच्या मांगं माहं सीटकव्हरचं दुकान हाय. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, जे आनान त्याची सीट बनवून देतो. पस्तीस सालात लोकाईच्या बुडाखाली काय काय घातलं ते मले आठवत नाही, पन बंदुकीले गादी पाहिजे असं म्हननारं गिऱ्हाइक कधी आलं नव्हतं. ते सोमवारी आलं.

धम्मदीपा नाव तिचं. कॉलेजात जानारी पोट्टी, मान जराशी वाकडी धरून चालनारी. मोबाइल माह्या डोयापुढं धरला अन् म्हने, "हबीबचाचा, असं बनवता येते काय तुमाले?"

"येते काय म्हन्जे? पहिले हे हाय काय ते तं सांग!"

मंग तिनं सांगतलं. वाशीम रोडले रायफल क्लब हाय, रिटायर सुभेदार जानराव तो चालवतात. तिथं पालथं झोपून पन्नास मीटरवरच्या कागदावर साठ गोळ्या मारा लागतात. रायफल पॉइंट टू टूची, लहान गोळीची, वर दुर्बीण लावलेली. क्लबात तशी एकच. तीस गोळ्यालोक तिचं बरं चालते, मंग मान आखडते अन् गोळ्या फाकतात. रविवारी निवड चाचणी व्हती. नागपूरच्या स्पर्धेसाठी तिच्या गटात दोनच जागा, अन् तिचं त्या गटातलं हे शेवटचं साल.

"नाही झालं तं?"

"तं घरचे म्हनतात, बस झालं आता." हे बोलताना तिनं माह्याकडे पाह्यलं नाही.

मोबाइलमंधी तीन नमुने व्हते, दस्त्यावर, म्हन्जे रायफलच्या मांगच्या लाकडावर, गालाखाली बांधाचे. एक हवा भराचा, एक फोमचा, त्याले बाजूनं गोळ्या ठेवाचे कप्पे, अन् एक निरा कडक. "यातलं कोनतं?" तिनं इचारलं.

मले हसू आलं. "कडकले गादी म्हनते कोन? आराम पाहिजे ना तुले? मंग मऊच पाहिजे. मले शिकवू नोको."

रायफल क्लबाच्या बाहेर काढता येत नाही, म्हनून मंगळवारी मीच गेलो, कागद, टेप अन् खडू घेऊन. सुभेदार म्हन्जे उंच, वाळका मानूस, मान हीऽ लांब. त्यायनं पहिले बोल्ट काढून खिशात टाकला, त्याच्याबिगर गोळी सुटत नाही, मंग रायफल माह्या हातात देल्ली. आता मले नवीन चीज हातात भेटली की मी गप बसत नाही. हे काय, हा पेच कायले, दस्त्याले मांगून रबर काहून लावलं, गोळी लहान तं नळी इतकी जाड कायले? सगळ्याचा जबाब त्यायनं देल्ला. मंग म्या दुर्बिणीच्या कड्याच्या पेचाले बोट लावलं, तं त्यायनं फटकन हातावर मारलं.

"तिले हात नाही लावायचा, हबीबभाई."

"बरं बावा, नाही लावत."

गादी बनवली बुधवारी. दोन इंची चांगला फोम, वर लाल रेक्झिन, पांढरी पायपिंग, पाच पाच गोळ्यायचे दोन कप्पे. मेहरबीनं, माह्या बायकोनं, टाके घातले. ते पाहून दुकानात आलेला मानूस म्हने, माह्या बुलेटले असंच करून दे. धम्मदीपानं क्लबात गाल टेकवला अन् म्हने, "वा चाचा, झोप येईन याच्यावर!" मी छाती फुगवूनच घरी आलो.

गुरुवारी सुभेदाराचा फोन. "हबीबभाई, गादी झकास हाय. तुह्या घरच्या सोफ्यावर ठेव."

"काहून? काय झालं?"

"पहिले तीस गोळ्यालोक तरी टिकत व्हती. आज वीसमंधीच गोळ्या वर-खाली जाऊन राह्यल्या."

मले असा राग आला! कोनाचा ते समजे ना. माहा फोम खराब? पस्तीस साल या धंद्यात घालवले म्या! पन रागासंगं डोक्यात किडाही वळवळून राह्यला व्हता. मऊ जागेवर मानूस बिघडते कसा?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली अन् मी थेट रेंजवर. धम्मदीपा पालथी झोपून गोळ्या मारून राह्यली व्हती. तिच्या बाजूले मीही पालथा झालो, अठ्ठावन्न वर्षाचा मानूस, पोट सांभाळत. सुभेदार हसले. हसू द्या. मी तिच्या गालाकडे पाहत राह्यलो. एकदा गाल फोममंधी अर्धा इंच रुतला, दुसऱ्या खेपेले एक इंच. गाल खाली गेला की डोया खाली गेला, अन् डोया गेला की निशाना गेला. या अल्ला! गाडीत मानूस उसळते म्हनून आपन मऊ देतो. इथं तं उसळाचंच नाही, दर खेपेले त्याच जागी येनं पाहिजे. पस्तीस सालाच्या सवयीनं म्या पोरीचं नुकसान केलं, दुसरं काय.

पन मानेचं काय? ते तं गादीच्या आधीपासून व्हतं.

"मले पाहू दे," म्हनलो. सुभेदारायनं बोल्ट काढला, म्या डोया लावला. मधात उजेडाचा लहान गोल, भवताल काया पट्टा. मान पुढं नेली तसा काया पट्टा सरकत गेला अन् चित्र पुरं दिसलं. परत मांगं आलो, परत काया पट्टा. चार खेपा केलं असं. मजा वाटून राह्यली व्हती खरं सांगू तं.

माह्या दुकानात एक रीत हाय. डायवर सीटचं माप द्याले आला की मी त्याले डोये मिटून बसाले सांगतो. डोये उघडे असले की मानूस फोटोले बसल्यावानी बसते. मिटले की जसा घरी बसते तसा बसते. मंग मी खडूनं रेघ मारतो.

"दीपा, डोये मिट. गाल ठेव. जिथं बरं वाटते तिथं."

तिनं ठेवला. म्या दस्त्यावर खडूची रेघ मारली. तिले उठवलं, परत झोपवलं. तीन खेपेले तीन रेघा, एकमेकीले चिकटून.

"आता डोये उघड. मान हालवू नोको. काय दिसते?"

"काया गोल, चाचा. मधात थोडुसं."

"आता पुरं दिसेलोक पुढं सरक." ती सरकली. म्या मोजलं. बरोबर दोन बोटं. साठ गोळ्या, अन् दर गोळीले मान दोन बोटं ताणायची!

मी उठून उभा राह्यलो. "सुभेदारसाहेब, पोरीची मान कमजोर नाही. दुर्बीण दूर हाय. तुमच्या मानेच्या मापानं लावेल हाय. दोन बोटं मांगं घ्या."

त्यायचा चेहरा एकदम बंद झाला. "ते नाही व्हनार."

"काहून?"

"अकरा साल झाले तिथंच हाय. हालवली की निशाना पुरा नव्यानं जमवा लागते. परवा चाचणी हाय."

"अन् स्टेअरिंग दूर असलं तं डायवरची मान लांब करता काय तुमी?"

"तू गादी बनव, हबीबभाई. दुर्बिणीचं मी पाहतो." अन् चालले गेले. धम्मदीपा खाली पाहून खडूच्या रेघा पुसून राह्यली व्हती. म्या तिले म्हनलो, "पुसू नोको, पोरी. राहू दे." रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेताना म्या सुभेदाराले दहा लोकाईपुढं खडूस म्हनलो, हेकेखोर म्हनलो, अजून जे आलं ते म्हनलो.

तरी नवी गादी तं बनवलीच. बुटाच्या तळव्याचं जाड चामडं, तीन थर चिटकवून दाबलेले, वर बकरीचं पातळ कातडं, घाम आला तरी गाल सरकू नये म्हनून. मेहरबीनं बोटानं वाजवून पाह्यलं. "हे गादी हाय का पोया लाटाचा पाट?"

"पाटच पाहिजे तिले," म्या म्हनलो.

शनिवारी सकायी सातले फोन. "हबीबभाई, ये. खडू घेऊन ये."

मी गेलो तवा सुभेदार एकलेच बसून व्हते, टेबलावर रायफल, हातात पेच खोलाची पट्टी. पेच त्यायनं सोताच ढिले केले. कडं सरकलं तं खाली धातूवर जुन्या जागेचा पट्टा दिसला, उजळ, अकरा सालाचा. मी पाहत राह्यलो. मले राह्यवलं नाही, "साहेब, काल इतकं काहून नाही म्हनत व्हते?"

"उद्या दुपारी दोनले साठ वर्षावरच्यायची चाचणी हाय. मीही नाव देल्लं हाय. रायफल हेच."

टपरीवरचे सगळे शब्द आठवले अन् लाज वाटली.

"काही नाही," ते म्हने, "सकायी तिची नऊले. बारालोक झाली की परत माह्या जागी घेईन, दहा गोळ्यात निशाना जमवून घेईन. व्हते सगळं."

धम्मदीपा आली. नवी गादी बांधली, दुर्बीण दोन बोटं मांगं, निशाना नव्यानं जमवला. मंग तिनं साठ गोळ्या मारल्या. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. मी कागदाकडे पाहतच नव्हतो, तिच्या मानेकडे पाहून राह्यलो व्हतो. एकदाही तिनं मानेले हात लावला नाही.

रविवारी रेंजवर गर्दी. तिनं सहाशेपैकी पाचशे बहात्तर मारले. पहिली जागा रिसोडच्या एका पोरीले गेली. अन् दुसऱ्या जागेले अकोल्याची एक पोट्टी, तिचेही पाचशे बहात्तर! माइकवर सांगतलं, दोघींची दहा दहा गोळ्यांची जादा फेरी, दुपारी तीनले.

म्या घड्याळीकडे पाह्यलं, मंग सुभेदाराकडे. दोनले त्यायची चाचणी. दुर्बीण पुढं घ्या, निशाना जमवा, साठ गोळ्या मारा, मंग परत मांगं घ्या, परत जमवा. एका घंट्यात कुठं व्हते हे? त्यायलेही माहीत व्हतं. ते टेबलाकडे गेले, यादीतल्या आपल्या नावावर रेघ मारली अन् बाजूले सही केली. मी मांगंच व्हतो.

"सर, तुमची चाचणी दोनले हाय ना?" धम्मदीपानं धावत येऊन इचारलं.

"पुढच्या साली गेली," ते म्हने. "तू पानी पी अन् पाच मिनिटं डोये मिटून पड."

तीनले दोघी झोपल्या. एक गोळी, दोन गोळ्या. माह्या तोंडात दुआ. दहा झाल्या. अकोल्यावालीचे पंच्यान्नव. हिचे सत्त्यान्नव.

मी लहान पोरावानी ओरडलो. धम्मदीपा उठून सुभेदाराच्या पायाकडे धावली, तं ते कडाडले, "पहिले बोल्ट काढ!" ती रडत रडत मांगं फिरली, बोल्ट काढला, मंग आली.

सगळे गेल्यावर ते रायफल पुसत बसले. मी बाजूले बसलो. "साहेब, आता घ्या तुमच्या जागी. पुढच्या साली तुमी पहिले येसान, पाहा."

"हबीबभाई, उजव्या डोयात काचबिंदू निंघाला माह्या. डॉक्टर म्हने, पुढच्या सालालोक या डोयानं कागदही दिसनार नाही." त्यायनं दुर्बिणीवर झाकन बसवलं. "तिच्याच जागी राहू दे. अन् तिले सांगू नोको."

म्या रायफलच्या पेटीचं दुसरं टोक धरलं अन् आमी दोघायनं ती उचलून आत नेली.