कुशाबाबुवांचा नारळ आणि सारिकाचा पियानो

थांब गो, मधी बोलू नको, नुसतं ऐक. आमच्या वाडीतली सारिका, पोलादपूरला झेरॉक्सच्या दुकानात बसते ती. तिनं काय केलं ते ऐक.

आमची वाडी कशेडी घाटाच्या खालच्या अंगाला, पंचवीस घरं, त्यातली निम्मी मुंबईला. मुंबई मंडळाचे सेक्रेटरी राजेंद्रकाका. त्यांच्या शेठनं घर बदललं, जुना पियानो कुणाला नको होता, काकांनी घातला टेम्पोत नि आणला थेट समाजमंदिरात. उतरवायला सहा माणसं! आता नवी वस्तू आली म्हणजे नारळ नको फोडायला? भजनाचे कुशाबाबुवा पुढं झाले. हळद-कुंकू लावलं, आणि नारळ फोडला कुठं, तर पियानोच्याच कडेवर. झाकण उघडं. सगळं पाणी पट्ट्यांत!

"देवाचं पाणी हाय, काय होत नाय," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या चार पट्ट्या चिकट. एकदा दाबली की खालीच, वर यायचं नाव नाय. मग पियानोवर पडली चादर, चादरीवर टाळांची पिशवी. संपलं.

सारिकाला राहवेना. सहाच्या एसटीनं यायची, घरात पिशवी टाकायची नि पळायची समाजमंदिरात. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून एकेक पट्टी पुसली. तीन सुटल्या, एक काय सुटेना. तशीच मोबाइलवर बघून शिकायला लागली. आणि गंमत ऐक, उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हवेत, मागं-पुढं, मागं-पुढं! जन्मभर बुवांची पेटी बघितलेली ना, भाता मारल्याबिगर सूर निघतो हे हाताला पटेचना. पोरं खिडकीतून वरडायची, "सारिकाताय, हवा कमी पडली गो!" शेवटी पंधरा दिवस तिनं डावा हात मांडीखाली दाबून ठेवला.

आई, बयाबाई, वैतागलेली. "बायो, भाकऱ्या कोण थापणार? तो डबा काय सासरी नेणार हायस?"

"नेईन की. सहा माणसं दे फक्त."

बुवांना ते खुपायला लागलं. एकदा दारातनंच म्हणाले, "या वाडीत बाईमाणूस वाद्याला बसलं नाय आजपर्यंत."

"बुवा, या वाडीत पियानो तरी कधी आला होता?"

झालं! बुवांनी डूख धरला, काकांचे कान भरले. काकांनी जाहीर करून टाकलं, मे महिन्यात सत्यनारायणाला सगळे येतील, तेव्हा कुणी वाजवून दाखवला तर पियानो ऱ्हाईल. नायतर महाडचा एक हॉटेलवाला मागतोय, त्याला दिला.

पूजेचा दिवस. समाजमंदिर गच्च. प्रसाद वाटून झाला, सारिका जाऊन बसली. भात लावताना बाया म्हणतात ती चाल तिनं धरली. दोन ओळी झ्याक. तिसरीला ती बसकी पट्टी आली, एकदा वाजली, परत बोट पडलं तर नुसतं खट्. लोक हसले. तिनं नखानं पट्टी वर काढली, पयल्यापासून सुरू. परत खट्. परत पयल्यापासून! बुवांनी मृदंगवाल्याला खूण केली आणि भजन सुरू, तेपण माइकवर. ही थांबते का? उजव्यानं वाजवतेय, डाव्याच्या नखानं दरवेळी ती पट्टी उपसतेय, कपाळावरनं घाम गळतोय, पण शेवटच्या सुरापर्यंत गेली. पुढच्या दोन रांगांना तेवढं ऐकू आलं.

बुवा उठले, लालबुंद. "देवाच्या भजनात आडवी आली ही! पाया पडून माफी मागूदे, मग ऱ्हाऊदे तुमचा पियानो. नायतर उद्याच न्या."

काका तिच्या कानाशी लागले. "अगं, सॉरी बोलायला काय जातंय? वाक जरा, पियानो तुझाच समज."

सारिका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, मी आधी बसले होते. भजन नंतर चालू झालं. आडवं कोण आलं?"

सकाळी टेम्पो दारात. माणसं आत येतात तर सारिका स्टुलावर, दुकानाला दांडी मारून, वाजवतेय. "न्या की. मी उठणार नाय. माझ्यासकट न्या." आता वाडीतल्या पोरीला हात कोण लावणार? हा त्याच्याकडं बघतो, तो ह्याच्याकडं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारून बेजार, "ओ, मला पाचाडचं भाडं हाय!" तेवढ्यात बयाबाई आली. सगळ्यांना वाटलं, आता दंडाला धरून नेते.

"मोठ्या माणसांना उलट बोलतेस, लाज नाय वाटत?" असली कडाडली की बुवांना बरं वाटलं. आणि पदराखालनं भाकरी काढून तिच्या मांडीवर ठेवली नि गेली.

बारा वाजता टेम्पो रिकामा गेला.

आता बुवा तिच्याशी बोलत नायत. सारिकाच्या घरी भजनाचं बोलावणं बंद. काका म्हणाले, दिवाळीला बघतो तुझ्याकडं. म्हणजे परत टेम्पो येणारच. आणि ही रोज एसटीतनं उतरली की बसतेच.

अर्ध्या मिनिटाचं काम होतं गो. वाकायचं, उठायचं, पियानो कायमचा. तू असतीस तिथं, तर काय केलं असतंस?