तीनदा नको

पुढच्या सीटवर फिडेल्मा बसली होती आणि मागे मी. पायांशी तिच्या दोन छत्र्या, मांडीवर तिची पर्स. गाडी नेसा चालवत होती. सव्वीस वर्षं त्या पोरीला मी शाळेत सोडलं, दातांच्या डॉक्टरकडे नेलं, कांजिण्या आल्या तेव्हा तिचे हात धरून बसले. आणि तिच्या लग्नाची जागा बघायला निघालो, तर पुढची सीट कुणाला? जिने पोटच्या चार वर्षांच्या लेकराला माझ्या स्वयंपाकघरात उभं केलं आणि बोस्टनचं विमान पकडलं, तिला.

जळत होते मी. उगाच आडपडदा कशाला ठेवू.

फिडेल्मा माझी धाकटी बहीण. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर कायमची परत आली. परत येताना माणसाने थोडी लाज तरी आणावी, हिने चार सुटकेस आणल्या. तळ्याकाठी बंगला भाड्याने घेतला आणि महिन्याभरात अख्ख्या गावाला जेवायला बोलावून झालं. नेसा तिला फिडेल्माच म्हणायची, नावाने. तेवढाच माझ्या जिवाला थंडावा होता. मला ती मावशी म्हणते. आई म्हण असं मी कधी शिकवलं नाही, ती जागा रिकामीच ठेवली होती. आता वाटतं, मूर्खपणा केला.

लग्न ऑगस्टमध्ये. नवरामुलगा कोलम, गॉलवेचा, गुणी आहे; त्याला गोठ्यात उभा करा नाहीतर राजवाड्यात, तो हसतच राहील. माणसं मोजून चोवीस. चर्चमधलं काय, तासाभरात उरकतं, आणि चर्च आमच्याच गावचं. प्रश्न होता तो नंतरच्या जेवणाचा, गाण्याबजावण्याचा, माणसांनी बसायचं कुठे याचा.

माझ्या मनात जागा ठरलेली होती. माझं घर. मागे सफरचंदाची सात झाडं आहेत, त्यातलं एक नेसाच्या पहिल्या शाळेच्या दिवशी लावलेलं.

आणि तिने विचारलं होतं, बरं का. जानेवारीत, माझ्याच टेबलाशी. "मावशी, आपल्याकडेच केलं तर?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, "छे गं, नको. इथे काय आहे? बुटकं छत आणि कोंबड्या."

आमच्याकडे पहिलं नको म्हणजे नको नसतंच. शेजारी चहा विचारला तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला उगाच त्रास म्हणायचं, तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अर्धाच कप. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस एकतर उपाशी असतो नाहीतर बेशरम. नेसा या मातीतली आहे, ती पुन्हा विचारणार, हे मी धरूनच चालले होते.

पण टेबलाशी फिडेल्माही होती. ती लगेच म्हणाली, "बघ, डिंफना नको म्हणतेय. तिच्या गुडघ्यांना कशाला ताप? मी शोधते जागा." झालं. मी हसले आणि भांडी घासायला उठले. बोस्टनला राहून बाई चालरीत विसरली, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते.

नेसाने मग तो विषय पुन्हा काढला नाही. मार्चमध्ये एकदा गॉलवेहून फोन केला, इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "मावशी, झाडांखाली किती माणसं मावतील गं?" माझं डोकं आधीच तडकलेलं, कारण फिडेल्मा तिला आदल्या आठवड्यात लग्नाचा पोशाख दाखवायला डब्लिनला घेऊन गेल्याचं त्याच सकाळी दुकानात ऐकलं होतं. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? फिडेल्माला विचार, तिला जागांमधलं जास्त कळतं."

तरी मी घर रंगवायला घेतलं. पुढचं दार, खिडक्या, मागचा पडवीचा भाग, सगळं पांढरंशुभ्र. आमच्याकडे घर रंगवतात ते घरच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधली प्रार्थना घरी होते त्यासाठी. गावातल्या एकेका घराची पाळी असते, फादर येऊन टेबलावर मिस्सा करतात, आणि ज्याची पाळी तो महिनाभर आधी ब्रश घेऊन शिडीवर. त्यामुळे शेजारचा पॅकी रोज कुंपणाला रेलून विचारायचा, "तुझी पाळी तर दोन वर्षांपूर्वीच झाली ना, डिंफना? की फादर तुझ्या प्रेमात पडलेत?" मी त्याला म्हणायचे, "तू तुझी गुरं बघ."

ईस्टरला नेसा आली. दारावरून बोट फिरवलं. "हे कुणासाठी गं?" मी म्हटलं, "मिस्सेसाठी."

"पण ती झाली की."

"मग? रंग उडत नाही होय?"

तिने मागे जाऊन कोंबड्यांची अंडी गोळा करून आणली. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. नाही बोलली ती.

तर त्या मे महिन्यातल्या रविवारी आम्ही तिघी जागा बघत फिरत होतो. पहिली जागा म्हणजे तळ्याकाठचं हॉटेल. कोटातला एक माणूस म्हणाला, "इथे प्रत्येक जोडप्याला घरी आल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "इतके आरसे कुणाच्या घरात असतात, बाबा? जेवताना मला माझेच बारा चेहरे दिसायचे." नेसा खुदकन हसली. फिडेल्माने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसरी जागा म्हणजे गोठा. खरंच गोठा, भिंतींना चुना फासून दिवे लावलेला. लोक तिथे जेवायला पैसे मोजतात. फिडेल्मा हात जोडून म्हणाली, "किती अस्सल आहे!"

"अस्सल असता तर वास आला असता," मी म्हटलं.

"डिंफना, तुला प्रत्येक ठिकाणी बोट दाखवायलाच आणलंय का आपण?"

"मला आणलंय ते छत्र्या सांभाळायला. बोट मी माझ्या खर्चाने दाखवतेय."

नेसा पुन्हा हसली आणि मी मनातल्या मनात एक गुण स्वतःला दिला. साठी उलटलेली बाई, आणि लहान पोरीसारखे गुण मोजत होते. पण मोजत होते, हे खरं.

तिसरी जागा बघितली आणि माझी बोलती बंद झाली. एका जुन्या इस्टेटीतली बाग, चारी बाजूंनी उंच दगडी भिंत, भिंतीला टेकवून वाढवलेली पेअरची झाडं, मधे हिरवळ. वारा आत येत नव्हता. बोट दाखवायला जागाच नव्हती, म्हणून माझा जळफळाट दुप्पट. मालकीणबाई डब्लिनची, तरतरीत. तिने ट्रे पुढे केला. "चहा घेणार?"

"नको, नको, कशाला," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि ट्रे फिडेल्माकडे वळवला.

फिडेल्माने कप उचलला, माझ्याकडे बघितलं आणि कपाआड हसली. मला वाटलं, माझ्या कोरड्या घशाला हसतेय.

तेवढ्यात भिंतीकडून हाक आली. "आई, इकडे ये ना. हे बघ, इथे तर ऊनच ऊन आहे."

मी आजूबाजूला पाहिलं, कुणाला हाक मारली म्हणून. फिडेल्माने कप खाली ठेवला, ठेवताना बशीत सांडला, आणि जवळजवळ धावतच गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नेसाने तिला आई म्हटलं होतं. मी तिथे, त्या मला न मिळालेल्या चहाशेजारी उभी. त्या क्षणी माझ्या हातात असतं तर मी त्या बागेवर गारा पाडल्या असत्या.

"हीच ठरवू," नेसा म्हणाली. फिडेल्मा मालकीणबाईबरोबर तारीख लिहायला आत गेली. आम्ही दोघी गाडीपाशी आलो.

"आवडली ना गं तुला, मावशी?"

"छान आहे," मी म्हटलं. आणि मग राहवलं नाही. "छान आहे, पण तुझी नाही. तुझी जागा घरी होती. एकदा नको म्हटलं म्हणून लगेच सोडून द्यायचं? हेच शिकवलं मी तुला?"

नेसाने गाडीच्या टपावर दोन्ही हात ठेवले. तिचा चेहरा लाल झाला. लहानपणी खोटा आळ आला की व्हायचा तसा.

"एकदा? मी तीनदा विचारलं, मावशी. जानेवारीत विचारलं, तू नको म्हणालीस. मार्चमध्ये विचारलं, झाडांखाली किती माणसं मावतील. तू म्हणालीस, फिडेल्माला विचार. ईस्टरला विचारलं, रंग कुणासाठी. नुसतं 'तुझ्यासाठी' म्हणाली असतीस तर मी तिथेच खाली बसून रडले असते. तू म्हणालीस, मिस्सेसाठी." तिने नाक पुसलं. "तिसरं नको म्हणजे नको. हेच शिकवलंस तू मला."

माझीच शिकवण माझ्यावर उलटली होती. पोर तीन वेळा दारात आली आणि तिन्ही वेळा मी बहिणीच्या रागापायी दार लावून घेतलं.

"बरं," मी म्हटलं, "मग आता मी विचारते. लग्नाचं जेवण घरी कर, नेसा."

"नको, मावशी. आता राहू दे."

ते पहिलं होतं. मी मोजलं.

इतक्यात फिडेल्मा हातात कागद घेऊन आली. तिच्यासमोर विचारायचं म्हणजे नाक घासायचं. घासलं. "घरी कर, पोरी. झाडांखाली चोवीस माणसं सहज मावतात. टेपाने मोजलंय मी."

"मी त्या बाईंना शब्द दिलाय," नेसा म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, तिच्या आईकडे बघत होती.

फिडेल्माने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. "विचार ना तिसऱ्यांदा, डिंफना," ती म्हणाली. "थांबलीस कशाला?"

"तुला काय ठाऊक तिसऱ्यांदाचं?"

"तुला वाटलं बोस्टनला मी विसरले? जानेवारीतलं तुझं नको हे नको नाही, ते मला टेबलाशीच कळलं होतं." ती कागदाकडे बघत बोलत होती. "माहीत असूनच मी ते उचललं. तुझ्याकडे सगळं होतं, डिंफना. तिचा पहिला दात, तिचं झाड. मला एक दुपार हवी होती."

आता तुम्ही म्हणाल, मला पाझर फुटला असेल. मला सांगायला आवडलं असतं तसं. पण बशीत सांडलेला तिचा चहा आणि ती धावत जाणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"घरी कर, नेसा," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

नेसा रडत होती आणि हसतही होती. "हो," ती म्हणाली. "हो गं बाई. कोंबड्या तेवढ्या बंद कर." आणि शब्द मागे घ्यायला तीच आत गेली.

आम्ही दोघी बहिणी गाडीपाशी उरलो. फिडेल्माच्या हातात तो घडी घातलेला कागद. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, "तूही ये आदल्या दिवशी स्वयंपाकाला. हॅम उकडायचंय, केक आहेत. दोन हात जास्तीचे लागतील."

"नको गं," फिडेल्मा म्हणाली. "तुझ्या स्वयंपाकघरात माझी लुडबुड कशाला?"

आणि तिने माझ्याकडे पाहिलं, थांबून.

मला कळलं होतं. शप्पथ, मला त्याच क्षणी कळलं होतं. मी पुढचं दार उघडलं, तिची पर्स मागच्या सीटवर ठेवली आणि पुढे जाऊन बसले.

लग्न आता तीन आठवड्यांवर आलंय. टेबलं पॅकीकडून आणायची ठरलीत, कोंबड्यांना जाळी लावून झालीय. फिडेल्माचा बंगला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, तळ्याच्या पलीकडे. तिला मी अजून दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.