पातेल्याऐवजी आलेला कंगवा

मी एक जुना लाकडी कंगवा आहे. जुना म्हणजे तीनच दिवाळ्या पाहिलेला. पण बावीस दातांपैकी एक पडला आहे, म्हणून स्वतःला जुना म्हणवून घेतो. भाजे गावात सविताच्या घरी आरशाखालच्या फळीवर माझी जागा आहे. मित्रांनो, या घरात मी कुणालाच नको असताना आलो.

मी कडुलिंबाच्या लाकडाचा. दात जाड, विरळ आणि टोकाला गोल घासलेले. या घरात येण्याआधी मी शालूबाईच्या टोपलीत होतो. शालूबाई ‘केसावर भांडीऽऽ’ अशी हाळी देत गावोगाव फिरते. विंचरताना निघालेली गुंतवळ बायका पिशवीत साठवतात. शालूबाई ती घेते आणि बदल्यात भांडं देते.

सविताची लेक तेजल तेव्हा नववीत होती. केस कमरेखाली. त्या श्रावणात पिशवी दोन महिन्यांतच गच्च भरली आणि सविताने पातेल्याची आशा धरली. शालूबाईने एक पुंजका बोटांनी उलगडला.

“हे गळाल्यालं न्हाई बाई, तुटल्यालं हाय. वीतभर तुकडं. ह्याला पातेलं न्हाई येत. हा कंगवा घे. वल्या केसात फणी नगं घालूस, आन् शेंड्यापास्नं वर जा.”

सविताने मला तोंड वाकडं करून घेतलं. “ह्याच्यातनं तर ऊ बी निसटंल,” ती म्हणाली. ते खरंच होतं. उवा काढणं हे फणीचं काम, मी त्यात नाक खुपसत नाही.

पण पातेल्याचा राग लेकीवर निघाला. “पुन्यांदा ही पिशवी भरली, तर दिवाळीच्या सुट्टीत येणी मानंपाशी कापणार. मला न्हाई येळ रोज गुंता सोडवायला.” तेजलने वेणी पुढे घेतली आणि मुठीत घट्ट धरली.

पहिला महिनाभर तेजलच्या आजोबांनी, गोरखआबांनी, मला पाठ खाजवायला वापरलं. पाठ खाजवण्यात मी वाईट नाही, पण माझा जन्म त्यासाठी नव्हता.

रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांसाठी सविता अंगणात पिठलं-भाकरी करते. अशाच एका रविवारी तव्यावर भाकरी होती, समोर गिऱ्हाईक होतं आणि गुडघ्याशी तेजल बसली होती, नुकतीच न्हालेली, केसांतून पाणी गळत असलेली. फणी सापडेना, म्हणून सविताने मला उचललं आणि टाळूपासून सरळ खाली ओढलं. मानेपाशी मी गाठीत अडकलो. तिने हिसका दिला आणि माझा दात मोडला. तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं.

सविता तो दात तळहातावर घेऊन बघत राहिली. “लाकूड मोडलं गं,” ती हळूच म्हणाली. “डोसक्याचं काय व्हत आसंल.” तोवर भाकरी करपली. तिने ती बाजूला काढली, गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

दात गेल्याचं मला दुःख झालं, खोटं कशाला सांगू. पण माझं खरं काम त्या दिवशी सुरू झालं. आता न्हाणं शनिवारी दुपारी, निवांत. केस जुन्या पंच्याने टिपायचे, खसाखसा चोळायचे नाहीत. जरा वाळले की चार भाग करायचे. आधी शेंड्याकडचे वीतभर सोडवायचे, मग त्याच्या वरचे. गाठ आली की तिच्या वरचे केस मुठीत धरायचे, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. टाळूपाशी मी सगळ्यांत शेवटी पोचतो. भांग पाडायला मग फणी येते. तिचं माझं काही वैर नाही.

दिवाळीच्या आठवड्यात शालूबाईची हाळी आली. तेजल उंबऱ्यात उभी राहिली, वेणी पुन्हा मुठीत. सविताने खिळ्यावरची पिशवी काढून उपडी केली. आतून लिंबाएवढा पुंजका पडला.

“एवढ्याला काय देऊ? सुई बी न्हाई यायची.”

“नगं देऊस मावशी,” सविता म्हणाली. मग लेकीकडे वळली. “सोड ती येणी. कोण न्हाई कापत.”

मित्रांनो, लाकडी कंगवा पाण्यात भिजत ठेवू नका, तो फुगतो. कोरड्या ब्रशने त्याचा मळ काढा, महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा. आणि विंचरायला वेळ नसेल त्या दिवशी केस तसेच बांधा, पण ओढू नका. आमच्या घरात ते पातेलं अजून आलेलं नाही. माझ्यामुळे आलेलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो.