हवेत विरलेले चार इंच

"सर, तुमचं पोट गेलं कुठे?"

"विचारलंस तर तुला मानलं!" अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि बॉबिनने भर वर्गात विचारलंसुद्धा. टेलरीणबाईंची मुलगी म्हणून सगळ्या तिला बॉबिन म्हणत. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिची जीभ टाळ्याला चिकटायची, तिच्या तोंडाचा पट्टा आता थांबता थांबत नव्हता.

जीवशास्त्राचे सर रागावतील असं वाटलं होतं, पण ते खुललेच. "झकास प्रश्न! पोटावरची चरबी पेशींनी जाळली. पेशीत चिमुकल्या भट्ट्या असतात, तंतुकणिका. श्वासातल्या ऑक्सिजनवर त्या चरबी जाळतात, आणि त्या ऊर्जेवर आपण चालतो-बोलतो. उरतं थोडं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. तो उच्छ्वासातून बाहेर! म्हणजे बरंचसं पोट मी हवेतच सोडलं."

"ईऽऽ! म्हणजे ते चार इंच आम्ही नाकाने ओढले?"

वर्गाने पटापट नाकं धरली. सरांचा खडू मात्र जागच्या जागी थांबला. "चार इंच? तुला कसं माहीत?"

बॉबिनने जीभ चावली. सरांच्या पँटी कमरेत बारीक करायला आईकडेच यायच्या, आणि आईचा दंडक होता: गिऱ्हाईकाचं माप या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. त्यात उद्या पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म द्यायचा होता. बाबांनी त्यावर पेन्सिलीने 'वाणिज्य' लिहून ठेवलेलं. तिला हवं होतं जीवशास्त्र, आणि त्याला सरांची सही लागायची. घ्या! आपल्याच जिभेने आपल्याच पायावर धोंडा.

संध्याकाळी सर दुकानात हजर. इस्त्री फिरवणाऱ्या बाबांच्या मागे बॉबिन दडली.

"ताई, तुमच्या मुलीने भर वर्गात माझं माप सांगितलं."

आईने डोळे वटारले. "कार्टे!"

"आणि तेही चुकीचं! चार नाही, पाच. मोजा पुन्हा."

आईने टेप लावली, जुन्या मापातून नवं वजा केलं. साडेचार. सरांनी होता नव्हता तेवढा श्वास सोडला. डोळे बाहेर यायची वेळ आली.

"सर, एका श्वासात अर्धा इंच नाही जळत!" बॉबिनच्या तोंडून निसटलंच.

आईने पुन्हा डोळे वटारले. मग सरच असे खदखदून हसले की आईच्या हातून टेप सुटली. "फॉर्म आण इकडे," म्हणाले आणि सही ठोकून गेले.

बॉबिनने बाबांच्या देखत 'वाणिज्य' खसाखसा खोडलं.

"आई, बाबा, ठरलं! मी जीवशास्त्र घेणार. पहिल्या बाकावर बसणार. पण खिडकीजवळ!"