पाच जागा, सहा ब्लॉग

ब्लॉग नेटवर ठेवणाऱ्या तिसऱ्या होस्टिंग कंपनीच्या नावावरही तमांडाने वहीत रेघ मारली. पहिलीचा दर स्वस्त, पण वर्षापुरताच; दुसरी 'अमर्याद' म्हणायची आणि खाली बारीक अक्षरांत हात आखडता घ्यायची; तिसरी बॅकअपचे वेगळे मागायची. चौथी सरळ वाटली. रोजचा बॅकअप, पुढेही दर तोच. फक्त एका खात्यात पाचच साइट. तिच्याकडे सहा ब्लॉग होते.

सहाही तिच्या सायबर कॅफेत जन्मलेले. झोम्बा गावच्या बाजाररस्त्यावर कॅफे होता तेव्हा दर सोमवारी मंडळी जमायची आणि एका बोटाने टाइप करायची. पाखरांच्या नोंदी ठेवणारे मास्तर, तळ्यातल्या माशांच्या कृती लिहिणारी खानावळवाली, असे एकेक. फुटबॉलवेडे कचाले आणि म्बेवे तर दोन संगणकांमधल्या फळीवरून एकमेकांच्या पडद्यात डोकावत भांडायचे. कॅफे बंद झाला, लिहिणंही थांबलं. पण होस्टिंग तमांडाने कधी बंद पडू दिलं नव्हतं. आता जुन्या कंपनीने दर दुप्पट केला होता.

एकच वाट होती. फुटबॉलचे दोन ब्लॉग एकाच पत्त्यावर नांदवायचे.

रविवारी चर्चहून परतताना ती लॅपटॉप घेऊन कचालेंच्या ओसरीवर गेली.

"त्या म्बेवेबरोबर? एका छपराखाली?" म्हातारा कडाडला. "माझ्या पोराचा, लिंबानीचा गोल ऑफसाइड होता म्हणून जगभर बोंबलला तो. त्यापेक्षा माझं पुसून टाक, पोरी."

"त्यानंतरचं त्यांचं काही वाचलंत का, काका?"

"शपथ आहे मला. त्याचं अक्षर बघणार नाही."

"मग बघू नका. ऐका."

म्बेवेंची शेवटची नोंद होती, आठ वर्षांपूर्वीची. तमांडा ती वाचू लागली.

"'लिंबानी कचाले आज जोहान्सबर्गच्या बसमध्ये बसला. मी स्टँडवर कोपऱ्यात उभा होतो. त्याच्या बापाशी माझं बोलणं नाही, म्हणून पुढे झालो नाही. पोराच्या पायात खेळायचेच बूट होते, चिखलासकट. असा डावा पाय या गावात पुन्हा दिसायचा नाही.'"

कचालेंच्या हातातला गोड, तळलेल्या मंडासीचा तुकडा तसाच राहिला. पोराने गाव सोडू नये म्हणून त्या दिवशी ते रुसून घरात बसले होते. स्टँडवर गेलेच नव्हते.

"खेळायचे बूट?" त्यांनी विचारलं.

"हो. चिखलासकट."

"आणि पोराने मागे वळून बघितलं का? लिहिलंय काही?"

तमांडाने पडदा वर-खाली केला. "नाही, काका. तेवढं नाही लिहिलेलं."

म्हाताऱ्याने तुकडा बशीत ठेवला, हात जुन्या रुमालाला पुसले आणि भिंतीवरची टोपी काढली.

"हल्ली राहतो कुठं तो म्बेवे?"

"तिथंच. पोस्टामागे."

ते पायऱ्या उतरले. फाटकाशी थांबून, मान न वळवता म्हणाले, "ठेव दोन्ही एकत्र. पण त्याला तू कळवू नकोस. मी निघालोच आहे."