वेताळाचा मान

काळूमामा गुडघे दाखवायला नाशिकला आला आणि चार दिवस सुनीलच्या खोलीवर राहिला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुडघ्याला बांधायचा पट्टा दिला आणि आता ओझं उचलायचं नाही, नाचायचं तर मुळीच नाही, असं बजावलं. रविवारी म्हातारा खोलीत एकटा बसून कंटाळेल, म्हणून सुनीलने त्याला आपल्याबरोबर बाजारात नेलं.

गोदावरीच्या काठी दर रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो. समया, घंगाळं, चिनी मातीच्या बरण्या, चावीची घड्याळं, मुके झालेले रेडिओ, असं सगळं ताडपत्रीवर मांडलेलं असतं. कुणाच्या तरी आजोबांचे फेटा बांधलेले फोटोही असतात. फोटो कुणाचा ते गिऱ्हाईक विचारत नाही, चौकट सागवानी आहे का तेवढं विचारतं. तिथे योगेशशेठची जागा सगळ्यात मोठी आणि सुनील त्यांचा माणूस. सात-आठ वर्षं तो मोटरसायकलवर सुरगाणा, पेठ पालथं घालत होता. कुठे भात मोजायची लाकडी पायली, कुठे पडलेल्या घराचा कोरीव खांब, कुठे म्हातारीच्या पायातले वाळे, जे मिळेल ते आणायचा. तो तिकडचाच. दारात उभा राहून त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलला की माणसं पाणी द्यायची आणि मग अडगळीतलं सामानही दाखवायची.

एक वस्तू मात्र त्याने कधी आणली नव्हती. होळीनंतर त्याच्या गावात बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं निघतात, संबळ वाजतो. प्रत्येक सोंगाचा लाकडी मुखवटा एकेका घराच्या मानाचा असतो. तो त्या घरानेच जपायचा, रंगवायचा आणि त्या घरच्या माणसानेच तोंडावर बांधून नाचवायचा. काळूमामाच्या घरी वेताळ होता. मामाच्या आजाने तो नाचवला, बापाने नाचवला आणि गेली तीस-बत्तीस वर्षं मामा नाचवत होता. योगेशशेठ अधूनमधून म्हणायचे, अरे एखादा मुखवटा आण, मुंबईची माणसं वाट बघतायत. सुनील सांगायचा, शेठ, ते इकायचं नसतं, ते देव हायत. शेठ हसायचे आणि म्हणायचे, देवच तर खपतात.

त्या रविवारी शेठनी मामाला खुर्ची दिली, चहा पाजला, गावाकडची चौकशी केली. समोरच्या जागेवर एका बाईने लाकडी मुखवटा घेतला. तो कुठल्या तरी कारखान्यात बनवून, जुना दिसावा म्हणून धुरावर धरलेला होता. वाइनच्या कारखान्याच्या भिंतीवर लावायला घेतेय, असं ती म्हणत होती. मामा तो व्यवहार शेवटपर्यंत बघत बसला. परतताना त्याने एवढंच विचारलं, "ती बाई कुठं नाचंल तो बांधून?" सुनीलला हसू आलं. त्याने ती गोष्ट नंतर दोघा-तिघांना सांगितलीही.

मामा गावी गेला आणि महिन्याभरात गावाची बैठक बसली. मामाचे गुडघे गेलेले. त्याचा मुलगा वापीला कंपनीत, दोन वर्षांत बोहाड्याला फिरकलेला नाही. मग यंदा वेताळ नाचवायचा कुणी? देवरामचा मोठा मुलगा अंगापिंडाने चांगला आहे, मान त्यांच्या घरी द्यावा असं ठरलं. देवराम आणि मामा यांचं बांधावरून वाकडं होतं, वीस वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी ते प्यायले नव्हते. तरी मामा बैठकीत शांतपणे म्हणाला, न्या, गावाचाच हाय. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं.

वेताळ न्यायचा दिवस उजाडला आणि मामा ओरडत घराबाहेर आला. मुखवटा माळ्यावर नव्हता.

सुनीलच्या आईचा, भागीबाईचा, फोन आला. ती मामाची सख्खी धाकटी बहीण, घर त्याच्या घराला लागूनच. तिने आधी इकडचं-तिकडचं विचारलं, जेवलास का विचारलं आणि मग म्हणाली, गाव तुझं नाव घेतंय. सुनील तसाच मोटरसायकल काढून गावी गेला. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. लोकांनी ऐकून घेतलं. पण ज्या घरांत तो लहानपणी जेवला होता त्या घरांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. मामा तेवढा सगळ्यांसमोर म्हणाला, सुनीलनं नेला असं मी म्हणत नाय. सुनीलला भरून आलं. निघताना तो मामाच्या पाया पडला.

पुढच्या रविवारी शेठ एका गिऱ्हाइकाला गाडीपर्यंत सोडायला गेले होते. बरणी गुंडाळायला सुनील शेठच्या टेम्पोत गोणपाट शोधत होता. सीटच्या मागे खताची पांढरी पिशवी होती. त्याने ती ओढली तर जड लागली. तोंडाची सुतळी सोडली आणि आतून वेताळाने त्याच्याकडे पाहिलं. डावीकडचा सुळा अर्धा तुटलेला होता. सुनील चौथीत असताना मामा नाचताना पडला होता, तेव्हा तो तुटला होता आणि तुकडा सुनीलनेच शोधून आणून दिला होता.

शेठ आले. सुनीलने विचारलं तेव्हा ते जराही गडबडले नाहीत. मोखाड्याकडचा आहे, म्हणाले, एका एजंटने दिला. तू तुझं काम कर. आणि ते पुन्हा गिऱ्हाइकात गुंतले.

शेजारच्या जागेवर मंगलाबाई तांब्या-पितळेची जुनी भांडी घेऊन बसते. तिचं गोडाऊन शेठच्या गोडाऊनला लागून आहे. ती सगळं ऐकत होती. हंडा पुसता पुसता ती हळूच म्हणाली, "गुडघ्याला पट्टा बांधलेला तो म्हातारा तुझा मामाच ना रे? दहाएक दिवस झाले, गुरुवारी तो स्वतः घेऊन आला होता. शेठनी त्याला परत जायला रिक्षा करून दिली. मला वाटलं, तूच पाठवलास."

सुनील खाली बसला. आधी त्याला मामाचा राग आला. मग त्या पट्टा बांधलेल्या पायाने म्हातारा पिशवी खांद्यावर टाकून एसटीतून उतरला असेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि रागाचं काय करावं ते कळेना. देवरामच्या पोराच्या तोंडावर वेताळ बघण्यापेक्षा म्हाताऱ्याने तो कुणाच्या तरी भिंतीवर जाऊ दिला, हे त्याला समजत होतं. आपणच याला खुर्चीत बसवून हा बाजार दाखवला, हेही समजत होतं. शेवटी त्याने ठरवलं की मुखवटा गुपचूप मामाच्या हातात द्यायचा. माळ्यावरच पेंढ्याखाली होता, सापडला, असं मामा सांगेल. त्याची अब्रू राहील आणि आपलीही.

शेठची पाठ होती. सुनीलने पिशवी उचलली आणि बाजारातून चालू लागला. मोटरसायकल शेठची होती, ती त्याने तिथेच राहू दिली. मंगलाबाईने पाहिलं आणि मान फिरवली. चोरी म्हणायची तर ती त्याने आत्ता केली होती. वणीच्या पुढे एसटी गेली तेव्हा शेठचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही. पोलिसांत जात नाही, म्हणाले, पण परत माझ्या दारात दिसू नकोस.

सुरगाण्याहून गावाला जीप जाते. आत माणसावर माणूस. सुनीलने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, पण वाटेत बाजाराच्या टोपल्या चढल्या आणि ती खाली पायांत ठेवावी लागली. चढणीवर गाडी हिसकली, पिशवी कलंडली, सुतळी सुटली आणि वेताळाचं कपाळ आणि एक डोळा बाहेर आला. समोरच्या बाकावर देवराम बसला होता. त्याने वेताळाकडे पाहिलं, मग सुनीलकडे पाहिलं. गाव आलं तसा तो आधी उतरला.

मामाच्या घरापर्यंत सुनील पोचलाच नाही. मारुतीच्या देवळापुढे माणसं जमली. कुणीतरी पिशवी त्याच्या हातातून घेतली, मुखवटा देवळाच्या पायरीवर ठेवला, बायकांनी हात जोडले. मामाला बोलावून आणलं. तो काठी टेकत आला, वेताळाजवळ खाली बसला, त्याच्या तुटक्या सुळ्यावरून बोट फिरवलं आणि रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हेच सुनीलला सगळ्यात अवघड गेलं.

देवराम म्हणाला, इतके दिवस आईची शपथ घेऊन फिरला आणि आता खपला नाय म्हणून परत आणला. पोलिसपाटलाला बोलवा, असं दुसरं कुणी म्हणालं. सुनील मामाकडे बघत होता. मामाने एक शब्द बोलावा, कुठलाही, सापडला म्हणावं, माळ्याचं काहीतरी सांगावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

मामाने डोळे पुसले. म्हणाला, "आणून दिला ना? बास झालं. आपलंच पोर हाय, शहरात राहून चुकलं. मी त्याला माफ केलं, गावानं बी करावं."

काही म्हाताऱ्यांनी मान हलवली, काळूचं मन मोठं, असं कुणीतरी पुटपुटलं. आणि तेव्हा सुनीलच्या तोंडून गेलं, "मामा, तू इकलास. गुरुवारी तू स्वतः येऊन इकलास."

बोलताक्षणीच त्याला कळलं की हे सांगायची वेळ टळून गेली आहे. ज्याने आत्ताच आपल्याला माफ केलं त्याच्यावर आळ घेणाऱ्या माणसाकडे जसं बघतात, तसं सगळे त्याच्याकडे बघत होते. मंगलाबाईचं नाव सांगून उपयोग नव्हता, ती कोण हे इथे कुणाला ठाऊक? देवराम, जो वीस वर्षं मामाच्या घरचं पाणी प्यायला नव्हता, तो पुढे आला आणि त्याने सुनीलच्या थोबाडीत मारली. वडीलधाऱ्याचं नाव घेतोस, म्हणाला. मामा खाली मान घालून वेताळाचं कपाळ धोतराने पुसत राहिला.

घरी आईने भाकरी वाढली. सुनील ताटावर बसला, पण जेवला नाही. तो सांगू लागला, मंगलाबाई काय म्हणाली, पिशवी कुठे सापडली, सगळं. आई चुलीपुढे पाठमोरी होती. त्याचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मला ठावं हाय."

सुनीलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ती खताची पिशवी त्यानं माझ्याकडूनच नेली," ती म्हणाली. "पहाटंच्या गाडीला गेला तवा मीच दार उघडलं."

"आणि मी शपथ घेतली तेव्हा? तुझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा?"

तव्यावरची भाकरी करपली, ती तिने बाजूला काढली, दुसरी थापली. मग वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना लाज होती ना राग, नुसता थकवा होता.

"तू तिकडं राहशील, बाबा. तुला कोण इचारतंय इथं काय झालं ते? त्याला इथंच मरायचं हाय. आन मला बी."

सुनील हात धुऊन उठला. दुपारच्या शेवटच्या जीपने तो सुरगाण्याला गेला. आई रस्त्यापर्यंत आली नाही.

बोहाडा झाला. देवरामच्या पोराने वेताळ नाचवला आणि चांगला नाचवला, असं त्याला फोनवर आईकडूनच कळलं. मामा पुढच्या रांगेत खुर्चीवर बसला होता. नाचून झाल्यावर देवरामचा पोरगा आधी त्याच्या पाया पडला आणि मग देवाच्या, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं पाणी सुरू झालं. आई हे आनंदाने सांगत होती. तुला बोलावणार होते पण, म्हणाली, आणि पुढचं तिने सांगितलं नाही.

तो तेव्हा एका फर्निचरच्या दुकानात हमाली करत होता. बाजारातल्या दुसऱ्या कुणी त्याला उभं केलं नाही. मालकाच्या टेम्पोतून माल उचलणारा माणूस कोण ठेवेल? मंगलाबाई भेटली की चहा पाजायची, पण काम तिच्याकडेही नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक अनोळखी फोन आला. पेठकडचा माणूस होता, आवाजावरून पन्नाशीचा. आधी त्याने खात्री करून घेतली.

"तू तोच ना, वेताळ इकला तो?"

सुनील गप्प राहिला. त्या माणसाला ते उत्तर पुरेसं वाटलं. आमच्या घरात एक सोंग हाय, म्हणाला, नरसिंहाचं, लय जुनं. पोरं इथं राहत नायत, उगाच दुसऱ्याच्या घरी जायचं. कुणाला कळायला नको. तुझ्यावर तसंबी नाव आलंच हाय, तर तूच ने.

दुकानदाराने आतून हाक मारली, कपाट उतरवायचं होतं. सुनील फोन कानाला लावून दारात उभा राहिला. नाही म्हणायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नाही म्हणून ते कुणाला दाखवायचं, तेच त्याला कळेना.

"गुरुवारी येतो," तो म्हणाला. "पिशवी तुमचीच काढून ठेवा."

दिवाळीपर्यंत त्याने तशी पाच-सहा घरं केली. गोदावरीच्या काठी रविवारी आता त्याची स्वतःची ताडपत्री असते, शेठपासून जरा लांब, पुलाच्या बाजूला. मुंबईची माणसं थेट तिथे येतात. सोंग कुठल्या गावचं ते तो सांगत नाही आणि गिऱ्हाईकही फार विचारत नाही. एखादी हौशी बाई मुखवटा हातात घेऊन, हा खरंच नाचवलेला आहे का, असं विचारते. तेव्हा तो मुखवटा उलटा करतो आणि घामाने काळी पडलेली आतली बाजू तिला दाखवतो.